रीसेटची पिन

अवघ्या ८ पिनांच्या ‘एटीटायनी ८५’ या सूक्ष्मनियंत्रकाच्या २ पिना विद्युत्पुरवठ्यात खर्ची पडतात. उरलेल्या ६ पैकी ४ आज्ञावली भरण्यासही लागतात. त्यांतील रीसेटची पिनही इतर कामास जुंपण्याचा मोह संकल्पकास होतो. तो टाळलाच पाहिजे. रीसेट बंद झाला की नेहमीच्या मार्गाने आज्ञावली बदलता येत नाही. त्याच पिनेवरून चालणारे दोषशोधनही खुंटते. मग उरतो १२ व्होल्टांचा उपाय. पण त्या पिनेस जोडलेल्या शेजारच्या घटकांना तो दाब सोसेलच असे नाही. (दुरुस्ती करणाऱ्याने मग डाख सोडवीत बसावे!) बाकीच्या ३ पिना खुशाल वाटून घ्याव्यात; मात्र मध्ये रोधक घालावेत, म्हणजे शेजारचा घटक प्रोग्रामरशी झुंजणार नाही. पाच पिनांत भागत नसेल, तर मोठी चिप घ्यावी.