रानडुकराला परवाना लागत नाही!



नाचणी पिकली की तापोळ्याच्या खोऱ्यात रात्रीची जागरणे सुरू होतात. भिलार, मेटगुताडच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर तीच गत. रानडुकरांचा कळप येतो, गवा येतो आणि सकाळी हाती लागते तुडवलेली माती. त्यांना कोणी परवाना विचारत नाही. राखणीला ठासणीची बंदूक ठेवायची तर आम्हाला मात्र साताऱ्याहून, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून परवाना आणावा लागतो.

परवाना नको असे आम्ही म्हणत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्येच लिहिले आहे की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ती पुरेशी नसेल तर किमान वीस इंच नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही देता येतो. 1878 च्या कायद्याने इंग्रजाने आम्हाला निःशस्त्र केले. स्वतंत्र देशाच्या कायद्याने निदान कागदावर तरी शेतकऱ्याची गरज मान्य केली. पण कागदावरचा हक्क बांधावर पोचेपर्यंत नियम बदललेला असतो!

1962 चे नियम गेले, 2016 चे आले. आरोग्याचा दाखला, सुरक्षित साठवणुकीची हमी, प्रशिक्षण, संगणकातला परवाना क्रमांक अशी भर पडली. डिसेंबर 2019 मध्ये कायदाच दुरुस्त झाला. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, हे चांगले झाले. पण विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा एक ते तीन वर्षांवरून दोन ते पाच वर्षांवर गेली. हे आमच्या चावडीवर कोणी वाचून दाखवले?

आता बंदुकीच्या जोडसामानाचे पाहा. कायद्यात सुटा भागही शस्त्रच. आवाज किंवा जाळ दाबणारे उपकरण तर स्वतःच बंदूक ठरते. बंदुकीची दुरुस्ती फक्त परवानाधारकानेच करायची. म्हणजे पिढ्यान् पिढ्या चापाचा घोडा बसवून देणारा गावचा लोहार आज सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतच्या कलमात बसतो. 2019 पूर्वी हीच शिक्षा तीन ते सात वर्षे होती. त्या बिचाऱ्याच्या भात्यापर्यंत दिल्लीचे राजपत्र कधी पोचले?

म्हातारा वारला आणि बंदूक खुंटीवरच राहिली, तरी मुलगा गुन्हेगार! कायदा सांगतो, ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाने स्वतःचा परवाना मागा. बाप सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून त्याला पंचवीस वर्षे झाली, तर त्याच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. ही सोय किती घरांना माहीत आहे?

त्यात निवडणूक. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबर 2024 ला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला झाले. भात-नाचणी काढणीचे नेमके हेच दिवस! निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे कोणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवायचे असते. सरसकट जमा करण्याचा हुकूम हा आळशी कारभार आहे.

आणि बंदूक असली म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असे कोणी समजू नये. रानडुकरासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. गवा तर पहिल्या अनुसूचीत. पीक खाल्ले म्हणून त्याला मारता येत नाही. दोन कायद्यांच्या कात्रीत सापडलेला शेतकरी मग कुंपणात वीज सोडतो. त्यात शेजाऱ्याचे पोर जाते, स्वतःचा बैल जातो. हा मार्ग आपला नव्हे.

कोडगूच्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना केंद्राने 2029 पर्यंत बंदुकीच्या परवान्यातून सूट दिली आहे. आम्ही सूट मागत नाही. मागतो ते इतकेच:

1. नियमातला प्रत्येक बदल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलाच पाहिजे.
2. नूतनीकरण, वारसनोंद आणि प्रशिक्षणाची शिबिरे तालुक्याला भरवा. परवानाधारक कारागीरही तिथेच आणा.
3. निवडणुकीत पीकसंरक्षणाच्या बंदुकांचा निर्णय प्रकरणागणिक करा.
4. पीकनुकसानीची भरपाई वेळेत द्या, म्हणजे बंदुकीची गरजच कमी होईल.

बैठकीला येताना आपापल्या परवान्याची प्रत आणा. मुदत कधी संपते ते आज रात्रीच कंदिलाजवळ धरून वाचा. कायदा आम्ही पाळू. पण पाळायचा कायदा आम्हाला आमच्या भाषेत सांगा, एवढे तरी सरकारने पाळावे!