अर्धे सरळ, अर्धे कुरळे

केसांचा विषय निघाला की आपल्या बैठकांत हसू फुटतं. पाणी, रेशन, मारहाण, कापूस वेचणीची मजुरी असे प्रश्न समोर असताना केस सरळ करायच्या क्रीमवर कोण बोलत बसणार? पण परभणी जिल्ह्यात किशोरींच्या गटांबरोबर काम करताना माझं मत पक्कं झालं आहे, की यावर बोललं पाहिजे. आणि उपदेश न करता बोललं पाहिजे.

घडतं ते असं. मुलीचे केस कुरळे असतात. घरच्यांच्या हिशेबाने ती लग्नाची होते. बघण्याचा कार्यक्रम ठरतो आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, "केसाचं तेवढं काहीतरी कर." शहरातल्या पार्लरमध्ये त्याला काही हजार रुपये पडतात. तेवढे आणायचे कुठून? मग गंगाखेड, जिंतूर, सेलूच्या बाजारातून शे-दोनशेचं पाकीट येतं. मोरीत बसून वहिनी नाहीतर मैत्रीण ते लावून देते. पुढचे केस दिसणारे, म्हणून तिथे क्रीम भरपूर लागते. मागे हात पुरत नाही. मधल्या बटा सुटून जातात. शेवटी कपाळाजवळ काड्यांसारखे सरळ केस, मागे कुरळे, मध्ये नुसते भुरभुरीत. दोन-तीन महिन्यांत मुळाशी पुन्हा कुरळे केस दिसू लागतात. घरचे म्हणतात, "तुलाच नीट लावता आलं नाही." आणि दुसरं पाकीट येतं.

मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या पाकिटाबद्दल.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि केसाचा आकार त्यांच्यामुळे टिकतो. क्रीम हे बंध तोडते. रिबाँडिंगच्या क्रीममध्ये बहुधा थायोग्लायकोलेट असतं. मग दुसऱ्या बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड ते बंध सरळ अवस्थेत पुन्हा जोडतं. काही क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. काहीही वापरलं तरी केस पहिल्यासारखा मजबूत राहत नाही. अशा केसावर तीच क्रीम पुन्हा लावली तर तो तुटतो. आणि पहिलं पाकीट एका प्रकारचं, दुसरं दुसऱ्या प्रकारचं निघालं तर केस झडून हातात येऊ शकतात. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. जखम भरून येते तसा तो भरून येत नाही, पाकिटावर 'दुरुस्ती' हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत छापलेला असो.

मग बिघडलेल्या केसांचं घरी काय करायचं? गटांत आम्ही जे सांगतो ते इथे देते.

राहून गेलेल्या बटांवर पुन्हा क्रीम लावायची नाही. एक केस ओला करून हलकेच ताणून पाहायचा. ताणून पुन्हा मूळ लांबीवर आला तर ठीक. डिंकासारखा लांबत जाऊन तुटला तर त्या केसांवर रंग, गरम इस्त्री, औषध काहीच नको. काळी मेंदीही नको. तिच्यात रासायनिक रंग असतो, आणि काही स्वस्त रंगांतले धातूंचे क्षार पेरॉक्साइडशी बिघडतात. न्हाण्याआधी खोबरेल लावावं. ते तुटलेले बंध जोडत नाही, पण धुताना केसातलं प्रथिन कमी जातं असं मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं. (ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच संशोधक होते, हेही मुलींना सांगावं.) ओल्या केसांचा गुंता मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर वर जात सोडवावा. जिथे सरळ आणि कुरळा भाग मिळतो, तिथेच केस सर्वांत लवकर तुटतो.

दोन तऱ्हा एकसारख्या दिसायला हव्या असतील तर मुळं सरळ करण्याच्या मागे न लागता टोकांना वळण द्यावं. केस दमट असताना सैल वेण्या घालून रात्रभर ठेवल्या की सकाळी सगळे केस सारखेच लाटदार दिसतात. याला पैसा लागत नाही. बाकी काम कात्री आणि वेळ करते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दर दोन-तीन महिन्यांनी टोकं कापत गेलं तर खांद्यापर्यंतचे केस दोनेक वर्षांत आपले आपल्याला परत मिळतात. क्रीम लावताना डोक्याची कातडी भाजली तर भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठायचा. टूथपेस्ट, हळद लावत बसायचं नाही.

प्रश्न केसांपाशी संपत नाही. अमेरिकेत सुमारे साडेतेहतीस हजार स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण, ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळलं. एका पाकिटाने कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण पाकिटामागून पाकीट आणायला लावणाऱ्यांनी हा आकडा ऐकायला हवा. त्या अभ्यासात ही उत्पादनं वापरणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. तिकडे गोऱ्यांच्या केसांचं माप, इकडे मुलाकडच्यांच्या पसंतीचं. माप कुणाचंही असो, औषध बाईच्याच डोक्यावर ओतलं जातं.

आणखी एक बाई आपल्या नजरेतून सुटते: पार्लर चालवणारी. आपल्याच बचत गटांतल्या बाया शिवणकामाबरोबर पार्लरचं काम शिकतात. 'केराटिन' नावाने विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांतून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा पदार्थ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरला. गिऱ्हाईक ती वाफ दोन-तीन तास घेतं. दहा बाय दहाच्या खोलीत, उन्हाळ्यात दार लावून कूलरवर काम करणारी ती वर्षभर घेते. तिचा धंदा बंद पाडा असं मी म्हणत नाही. तिला हे सांगून शिकवा, खिडकी उघडी ठेवायला जागा द्या, एवढं म्हणते.

बाईच्या केसांचा निर्णय दुसऱ्यांनी करायचा, ही आपल्याकडे जुनी रीत आहे. विधवेचे केस घरचे आणि भटजी मिळून उतरवून घेत. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन ते काम करायला नकार दिला. वस्तरा धरणाऱ्या हातांनीच नाही म्हटलं, ही त्यातली मोठी गोष्ट. आपल्या जिल्ह्यात याच्याही आधीची एक वेगळी आठवण आहे. गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावर असलेल्या एका अभंगात विठोबा तिचा अंबाडा सोडतो, उवा काढतो, केस विंचरून मोकळे करतो. दळणकांडणात बुडालेल्या त्या दासीला देवाकडून हवं होतं ते एवढंच. तिचे केस कसे असावेत हे तो सांगत नाही.

१९९६ मध्ये बंगळूरच्या 'मिस वर्ल्ड' स्पर्धेला अनेक स्त्री संघटनांनी विरोध केला, तो योग्यच होता. आता तो बाजार व्यासपीठावरून उतरून आपल्या मोरीत आला आहे. विरोधही तिथवर यायला हवा. तो मुलीला नावं ठेवून होणार नाही. तिला सरळ केस आवडत असतील तर तो तिचा हक्क आहे. पण माहिती नसताना आणि नकाराची भीती घालून करवलेली गोष्ट आवड कशी म्हणायची?

म्हणून गटांनी तीन कामं घ्यावीत. एक, बाजारातली पाकिटं आणून बैठकीत वाचावीत. कायद्याने त्यांवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि परवान्याचा किंवा आयात नोंदणीचा क्रमांक हवा. नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. सूचना मराठीत असाव्यात ही मागणीही लावून धरावी. दोन, पार्लरच्या प्रत्येक प्रशिक्षणात रसायनांचा धडा असावा. तीन, बघण्याच्या कार्यक्रमाआधी मुलीच्या घरी गटातल्या दोघीतिघींनी जावं आणि आईला, आजीला स्पष्ट सांगावं: पोरीचे केस आहेत तसे राहू द्या. जो केसांवरून नाही म्हणेल, त्याला आपणच आधी नाही म्हणू.