'जगायला जाणे' आणि गोदामांचे साम्राज्य

जव्हार-मोखाड्याच्या बोलीत हंगामी स्थलांतराला एक शब्दप्रयोग आहे : 'जगायला जाणे'. भातकापणी उरकून दिवाळी झाली की वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर 'जगायला' जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. प्रमाण मराठीतील 'स्थलांतर' हा शब्द केवळ जागेचा बदल सांगतो. या बोलीतील क्रियापद मात्र गावी राहून जगता येत नाही, हेही सांगून टाकते.

स्थलांतराची दुसरी एक कथा आपल्या परिचयाची आहे. तेहरानमध्ये जन्मलेले हमीद मोघदम अमेरिकेत शिकले. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर परतीची वाट बंद झाली. १९८३ साली भागीदारासह सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी 'एएमबी' ही कंपनी स्थापन केली आणि पुढे बंदरे व विमानतळ यांच्या आसपासच्या गोदामांवर सारा भर दिला. २०११ साली तिचे 'प्रोलॉजिस'मध्ये विलीनीकरण झाले. आज ही कंपनी जगभरातील शंभर कोटी चौरस फुटांहून अधिक औद्योगिक जागेचा कारभार पाहते.

अशा चरित्रांचे मथळे 'रिकाम्या हातांनी आला' असे असतात. त्यास आमचा आक्षेप आहे. मोघदम यांचे कर्तृत्व निःसंशय मोठे. परंतु एमआयटी आणि स्टॅनफर्ड येथील पदव्या ज्याच्याजवळ आहेत, त्याचे हात रिकामे कसे? त्या पदव्यांनी त्यांना पत दिली, आणि त्या पतीवर इतरांचे भांडवल त्यांच्या हाती आले.

भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाच्या हातीही इतरांचे भांडवल येते. त्याचे नाव 'उचल'. पावसाळ्यातील उपासमारीत, लग्नकार्यात वा आजारपणात घेतलेली ही रक्कम पुढच्या हंगामाचे श्रम आधीच गहाण टाकते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा; तरीही उचलीचा हिशेब पुष्कळदा मालकाच्याच वहीत राहतो. भांडवल दोघांनाही मिळते. पण एकास ते जोखीम घेण्याची मुभा देते आणि दुसऱ्याचे पाय बांधते. आमच्या मते स्थलांतराचे फळ ठरते ते येथे.

हा विचार आज निकडीचा आहे. मुंबईच्या जकातीबाहेर, नाशिक महामार्गालगत भिवंडीची गोदामे वाढली. २०१७ साली जकात गेली तरी गोदामे राहिली, वाढलीच. आता डहाणूजवळ वाढवण बंदर उभे राहत आहे. ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. बंदराला समृद्धी महामार्गाशी जोडणारा नियोजित मार्गही जव्हार-मोखाड्यातून जाणार आहे. बंदर आणि रस्ता आला की गोदाम येते, हे मोघदम यांनी ओळखले होते. येथील जमिनीचे दलालही ते ओळखून असणार.

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आदिवासींची जमीन परवानगीवाचून बिगरआदिवासींकडे जाऊ देत नाही. हे कवच राहिलेच पाहिजे. पण जमीन राखणे म्हणजे जगणे नव्हे, हे दरवर्षीचे भट्टीचे प्रस्थान सांगतेच. म्हणून उद्या येथे गोदामे उभी राहणारच असतील, तर ग्रामसभा वा आदिवासींच्या सहकारी संस्था त्यांच्या मालक असाव्यात, भाडे त्यांच्याकडे यावे आणि बँकेने त्यांना भांडवल द्यावे, उचल नव्हे. 'आदिवासींना हे जमणार नाही' असे म्हणणाऱ्यांनी एवढे आठवावे, की याच जव्हारवर मुकणे या महादेव कोळी घराण्याने सहा शतके राज्य केले.

गोदामाच्या दारावरील रखवालदाराची नोकरी म्हणजे विकास, असे ठरले, तर अंतर कमी होईल, शब्द बदलणार नाही. भिवंडीऐवजी आपल्याच शिवारातील शेडमध्ये लोक 'जगायला' जातील, इतकेच.