एक शून्य गळलं आणि द्राक्ष बागायतदार तंबाखूच्या कारखान्यात! कच्चा डेटा कमांड देऊन वाचायला का शिकावं?

बेरोजगारीचा दर जाहीर झाला किंवा घरखर्चाचा सरकारी आकडा आला, की तासाभरात त्याच्या बातम्या होतात, संध्याकाळपर्यंत वाद रंगतात आणि दुसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. हे आकडे ज्या फाइलींमधून निघतात, त्या मात्र फारसं कुणी उघडत नाही. त्या गुप्त आहेत असंही नाही. केंद्रीय सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की त्या फुकट मिळतात. नाव-पत्ता काढलेला असतो, पण एकेका घराने दिलेली उत्तरं त्यात असतात.

अडचण पुढेच येते. फाइल उघडली की समोर अंकांच्या नुसत्या ओळी दिसतात आणि त्यांचं करायचं काय, हे आपल्याकडे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. माझं मत स्पष्ट आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य किंवा पत्रकारिता शिकणाऱ्या प्रत्येकाला अशी एक तरी कच्ची फाइल माउसने नव्हे, तर कमांड लिहून वाचता आली पाहिजे. का, ते पाहू.

कच्ची फाइल म्हणजे नेमकं काय?

देशात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झालं. सर्वेक्षक निवडलेल्या घरी जातात, प्रश्न विचारतात आणि उत्तरं संकेतांकांमध्ये नोंदवतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७, गोव्याचा ३०. ग्रामीण म्हणजे १, शहरी म्हणजे २. अशा सगळ्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकाखाली एक येतात.

अनेक फेऱ्यांच्या फाइली ‘फिक्स्ड विड्थ’ म्हणजे ठरावीक रुंदीच्या असतात. त्यात मथळे नसतात आणि दोन उत्तरांमध्ये स्वल्पविरामही नसतो. कुठलं उत्तर कितव्या जागेवर आहे, हे सोबतच्या ‘लेआउट’ नावाच्या तक्त्यात दिलेलं असतं. ही पद्धत पंच कार्डांच्या काळातली आहे. आयबीएमच्या कार्डावर ८० रकाने असायचे आणि प्रत्येक माहितीची जागा ठरलेली असायची. कार्डं गेली, सवय राहिली.

समजा, फाइलमधली एक ओळ अशी आहे (हे उदाहरण समजण्यापुरतं तयार केलेलं आहे):

२७१०४२०१२१०००००१४५२५०

लेआउट सांगतो, पहिले दोन अंक राज्याचे, तिसरा ग्रामीण-शहरीचा, चौथा ते सहावा वयाचा, सातवा ते अकरावा उद्योगाचा आणि उरलेले दहा गुणकाचे. आता ओळ बोलू लागते. महाराष्ट्र, ग्रामीण भाग, वय ४२, उद्योग ०१२१०. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ०१२१ म्हणजे द्राक्ष लागवड. शेवटच्या दहा अंकांत दोन दशांश स्थळं गृहीत धरलेली असतात, म्हणून गुणक १४५२.५० होतो. याचा अर्थ ही एक व्यक्ती तिच्यासारख्या सुमारे १,४५२ जणांच्या वतीने बोलते आहे.

डबल क्लिक केलं तर काय होतं?

आपली पहिली सवय म्हणजे फाइलवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडणं. एक्सेलला ही २१ अंकांची ओळ एक भलीमोठी संख्या वाटते. कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच एक्सेल जपतं, त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्यं भरतं.

आपल्या ओळीचे पहिले १५ अंक म्हणजे राज्य, ग्रामीण-शहरी, वय, उद्योग आणि गुणकाच्या सुरुवातीची चार शून्यं. म्हणजे पुसले जातात ते नेमके १४५२५० हे अंक. राज्य शाबूत, वय शाबूत आणि ज्या १,४५२ जणांच्या वतीने ही व्यक्ती बोलत होती ते गायब. स्क्रीनवर लाल अक्षरात कुठलाही इशारा येत नाही. फाइल सेव्ह केली की मूळ अंक परत मिळत नाहीत.

एका शून्याची किंमत किती?

बरं, ओळ नीट तोडली, तरी दुसरा सापळा तयारच असतो. ०१२१० या संकेतांकाला सॉफ्टवेअरने संख्या मानलं, तर पुढचं शून्य गळतं आणि उरतात १२१०. हिशेबाला फरक पडत नाही, पण संकेतांक ही हिशेबाची गोष्टच नाही. ते नाव आहे, फक्त अंकांत लिहिलेलं.

आता उद्योगांचे मोठे गट पाडायला तुम्ही पहिले दोन अंक घेतले. मूळ संकेतांकात ते ०१ होते, म्हणजे शेती. शून्य गळल्यावर ते १२ होतात आणि वर्गीकरणात १२ म्हणजे तंबाखू उत्पादनं. नाशिकचा द्राक्ष बागायतदार एका फटक्यात तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागला! उसाचा संकेतांक ०११४ ने सुरू होतो, त्याचे उरतात ११. हा गट शीतपेयं आणि मद्य बनवणाऱ्यांचा. कोल्हापूरचा ऊस उत्पादक तिकडे गेला. मग तक्त्यात शेतीतले लोक घटलेले दिसतात, कारखान्यांत वाढलेले दिसतात आणि ‘राज्यात औद्योगिक रोजगारात झेप’ असा मथळाही तयार होतो. कुणी खोटं बोललेलं नसतं. फाइल वाचताना एक शून्य सांडलेलं असतं, इतकंच.

मग कमांड काय वेगळं करते?

कमांड म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेली लेखी सूचना. तिच्यात चार गोष्टी सांगाव्या लागतात: फाइल कुठे आहे, ओळ कुठे कुठे तोडायची, प्रत्येक तुकड्याला काय नाव द्यायचं आणि तो तुकडा संख्या मानायचा की मजकूर. ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘रीड एफडब्ल्यूएफ’ आहे, स्टाटामध्ये ‘इन्फिक्स’, एसपीएसएसमध्ये ‘डेटा लिस्ट’, सॅसमध्ये ‘इनपुट’. पायथनच्या पांडाज लायब्ररीतही ही सोय आहे. नावं वेगळी, काम तेच: १ ते २ राज्य, ३ क्षेत्र, ४ ते ६ वय, ७ ते ११ उद्योग (मजकूर), १२ ते २१ गुणक.

चौथी गोष्ट महत्त्वाची. ‘हा मजकूर आहे’ हे तुम्ही लिहून देता, त्यामुळे शून्य गळत नाही. निर्णय सॉफ्टवेअरच्या अंदाजावर राहत नाही, तुमच्या हातात येतो.

शिवाय माउसच्या क्लिकचा माग राहत नाही. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, ‘हा आकडा कसा काढला?’ तर क्लिक आठवत नाहीत. कमांडची फाइल मात्र जशीच्या तशी असते. दुसरा कुणी ती चालवून बघू शकतो आणि चूक असेल तर बोट ठेवून दाखवू शकतो. गणिताच्या पेपरात नुसत्या उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत, रीत दाखवावी लागते. आकडेवारीला तो नियम आपण का लावत नाही?

गुणक विसरलात तर?

घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण २०२२-२३ मध्ये २,६१,७४६ घरं पाहिली गेली. त्यातली १,५५,०१४ ग्रामीण, म्हणजे सुमारे ५९ टक्के. पण २०११ च्या जनगणनेत देशाची जवळपास ६९ टक्के लोकसंख्या ग्रामीण होती. नमुना मुद्दाम असा निवडलेला असतो, की कमी लोकसंख्येच्या भागांतूनही पुरेशी घरं मिळावीत. हा तोल गुणक सावरतो. गुणक न लावता देशाची सरासरी काढली, तर शहरांचं पारडं जड होतं.

यातही बारकावे आहेत. काही सर्वेक्षणांत दोन उपनमुने एकत्र करताना काही नोंदींचा गुणक १०० ऐवजी २०० ने भागावा लागतो. नियम सोबतच्या माहितीपत्रात असतो. ते माहितीपत्र आधी वाचणं हा कामाचा पहिला भाग आहे.

मराठी फाइलींचं दुखणं वेगळं का?

मजकूर देवनागरीत असला की आणखी प्रश्न येतात. यूटीएफ-८ मधली फाइल वेगळ्या एन्कोडिंगने उघडली, तर गावांच्या नावांऐवजी विचित्र चिन्हांची रांग दिसते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींत तर आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. ठरावीक रुंदीची फाइल असेल तर गोंधळ वाढतो. ‘नाशिक’मध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोड पाच चिन्हं मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १५ बाइट होतात. रुंदी बाइटमध्ये मोजायची की चिन्हांत, हे ठरवलं नाही तर पुढचे सगळे रकाने सरकतात.

देवनागरीत लिहिलेले अंक अनेक सॉफ्टवेअर संख्या म्हणून ओळखत नाहीत. ०५/०६ ही तारीख आपल्याला ५ जून वाटते, अमेरिकी सेटिंगला ६ मे. या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे, पण तो स्पष्ट लिहून द्यावा लागतो.

इतका बाऊ करायची गरज आहे का?

आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून सुटल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या टेक्स्ट फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरल्या जात होत्या. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गळून पडल्या. रुग्णांना त्यांचे अहवाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. ओळी मोजणारी एक साधी कमांड असती, तर फरक त्याच दिवशी दिसला असता.

एआय आहे की, मग शिकायचं कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. आज एआयला सांगितलं की कमांड लिहून मिळते, आणि मिळवावी. पण ७ ते ११ हा तुकडा मजकूर आहे, गुणकाला १०० ने भागायचं आहे, हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही त्याला सांगणार नाही आणि त्याने चुकीचं गृहीत धरलं तर तुम्हाला कळणारही नाही. चुकीची कमांडही बिनतक्रार चालते आणि सुबक तक्ता देते. लिहून घेता येईल, पण वाचता तुम्हालाच आलं पाहिजे.

सुरुवात कुठून करायची?

खर्च शून्य आहे. ‘आर’ आणि पायथन दोन्ही मोफत आहेत. लॅपटॉप जुना असेल तर गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं. फोनवरही उघडतं, पण मोठ्या कामासाठी कीबोर्ड बरा. कॉलेजच्या लॅबमध्ये एसपीएसएस असेल, तर मेनूतून काम करतानाही ‘पेस्ट’ बटण दाबा, तुमच्या क्लिकची कमांड लिहिलेली मिळते.

पहिला सराव म्हणून २०२२-२३ च्या खर्च सर्वेक्षणाची घरांची फाइल घ्या. लेआउट शेजारी ठेवा, रकाने तोडा आणि विश्लेषणाच्या आधी तीन गोष्टी तपासा. एकूण घरं २,६१,७४६ आणि त्यात ग्रामीण १,५५,०१४ येतात का? राज्यांच्या संकेतांकांत ०१, ०२ दिसतात की नुसते १, २? गुणकांची बेरीज काही कोटींत येते का? अब्जांत गेली, तर १०० ने भागायचं राहिलं. हे जुळलं की मोठी परीक्षा: महाराष्ट्राचा दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,०१० रुपये आणि शहरी भागात ६,६५७ रुपये, हे जाहीर झालेले आकडे स्वतः काढून बघा. ते जुळले, की जे जाहीर झालेलं नाही ते विचारायचा अधिकार तुम्ही कमावलात.

पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच नमुना सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि १९७१ मध्ये त्यावर देशभर चर्चा झाली. आज त्या सर्वेक्षणाच्या एकेका घराची नोंद कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही मिळू शकते. विद्यापीठांनी एक नियम केला तरी पुष्कळ होईल: आकडेवारीवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधासोबत कमांडची फाइल जोडलीच पाहिजे. हाच नियम सरकारी अहवालांनी पाळावा आणि आम्ही बातमीदारांनीही.

कारण फाइलमधल्या प्रत्येक ओळीमागे कामं बाजूला ठेवून अनोळखी सर्वेक्षकाला उत्तरं देणारं एक घर आहे. तेल किती लागलं, मुलाच्या शिकवणीला किती गेले, कामाचे दिवस किती मिळाले, हे त्याने सांगितलं. ते नीट वाचलं जाणं एवढी त्या घराची किमान अपेक्षा आहे.