आधी अभय, मग आहार

धाराशिव शहरालगतच्या प्राचीन लेण्यांत भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे. राजा करकंडूच्या कथेमुळे आणि मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यामुळे ही लेणी जैन वाङ्मयात चिरस्थायी झाली आहेत. पार्श्वप्रभूंच्या मस्तकावरील नागफणा पाहिला की श्रावकाला कमठाच्या पंचाग्नितपाचा प्रसंग आठवतो. पेटत्या लाकडात नाग-नागिणीचे जोडपे आहे, हे राजकुमार पार्श्वांनी ओळखले आणि त्या मरणोन्मुख जीवांच्या अंतिम क्षणी णमोकार मंत्राचे बळ दिले. तप तर कमठही करीत होता. परंतु आपल्या हातून कोणता जीव होरपळतो आहे, याचे ज्ञान त्याला नव्हते. ज्ञानाविना केलेले तप जसे हिंसेकडे वळते, तशी ज्ञानाविना केलेली दयाही वळू शकते.

बालाघाटाच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या जिल्ह्यात हा विचार केवळ प्रवचनापुरता नाही. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यापासून भूम तालुक्यातील सिद्धक्षेत्र कुंथलगिरीपर्यंतच्या माळरानांत मोर, हरणे, कोल्हे, साळिंदर, घोरपडी यांचा वावर असतो. उन्हाळ्यात पाणवठे आटले की हे प्राणी वस्तीकडे येतात. कोणी कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, कोणी वाहनाखाली सापडतो, कोणाच्या मागे कुत्री लागतात. अशा वेळी धावून जाणारे हात आपल्या गावांत कमी नाहीत. उणीव आहे ती त्या हातांनी काय करावे आणि काय करू नये, हे जाणण्याची.

गवतात एकटे पडलेले हरणाचे पाडस हे याचे बोलके उदाहरण. ते अनाथ आहे असे समजून दयाळू माणूस त्याला उचलून घरी आणतो. वस्तुतः काळविटाची मादी जन्मानंतरचे पहिले काही दिवस पाडसाला गवतात लपवून दूर चरत असते आणि अधूनमधून येऊन त्याला पाजते. ते निश्चल पडून राहते, कारण तेच त्याचे संरक्षण असते. उचलणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, तरी परिणामी एका आईचे मूल हिरावले जाते. घरी बाटलीने गायीचे दूध पाजले की बहुधा हगवण लागते. त्यातूनही जगले तर माणसाळलेले ते हरीण पुन्हा कळपात जाऊ शकत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी घरी ठेवणे हा गुन्हा आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. तेथे वनविभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे वैद्यकीय पथक पिल्लांना तपासून, संध्याकाळी सापडल्या जागीच पेटीत ठेवतात. रात्री मादी येते आणि पिल्ले घेऊन जाते. अनेकदा सर्वांत मोठी सेवा म्हणजे बाजूला होणे, हा धडा त्यात आहे.

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. घरी आलेल्या अतिथीसाठी आपण प्रथम आहाराचा विचार करतो. जखमी वन्यजीवाबाबत मात्र अभय प्रथम हवे. भोवती जमलेली गर्दी, आरडाओरडा, छायाचित्रांसाठी होणारी ओढाताण यांमुळे हरणासारखा भित्रा प्राणी जखमेपेक्षा धसक्यानेच प्राण सोडू शकतो. म्हणून आधी गर्दी हटवावी, कुत्री दूर ठेवावीत. जखमी पक्ष्यावर अलगद सुती कापड टाकून त्याला हवेसाठी छिद्रे असलेल्या खोक्यात, अंधारात व शांततेत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मग वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे आणि प्राणी सापडलेली जागा नीट सांगावी, कारण बरा झाल्यावर त्याला शक्यतो तेथेच सोडायचे असते. साप, कोल्हा, साळिंदर यांना हात न लावता केवळ लक्ष ठेवावे. पंख फुटलेले पिल्लू जमिनीवर उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकत असते. त्याला जवळच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा स्पर्श झाला म्हणून आई पिल्लाला टाकते, ही समजूत निराधार आहे.

येथे जैन कुटुंबापुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. घुबड किंवा ससाणा यांचा आहार आपल्या घरातून कसा द्यावा? दूध-पोळी चारणे हे उत्तर नव्हे. त्याने तो जीव उपाशीच राहतो. दिल्लीच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्षी रुग्णालयाने आपल्यापुरती वाट काढली आहे: शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घ्यायचे आणि शिकारी पक्ष्यांवर बाह्यरुग्ण म्हणून उपचार करायचे. आपल्यालाही तसेच करता येईल. भय दूर करणे आपल्या हाती आहे. आहार आणि औषध जाणकारांवर सोपवावे. शेजारच्या बीड जिल्ह्यात तागडगाव येथे सिद्धार्थ व सृष्टी सोनवणे या दांपत्याने उभारलेल्या ‘सर्पराज्ञी’ केंद्रात असे कार्य चालते.

पर्युषणात जीवदयेसाठी दिला जाणारा निधी बहुधा गोशाळा आणि पांजरपोळांकडे जातो, आणि ते योग्यच आहे. त्यातील थोडा भाग गावाभोवतीच्या उघड्या विहिरींना कठडे बांधण्यासाठी आणि माळावर उथळ, उतरत्या काठाचे पाणवठे करण्यासाठी वेगळा काढावा, असे प्रत्येक संघाला सुचवावेसे वाटते. विहिरीत पडलेल्या हरणाला वर काढण्याचे पुण्य मोठे असेल. पण ते पडूच नये यासाठी रचलेल्या चार विटा हेही अभयदानच आहे. त्या विटांवर दात्याचे नाव नसेल आणि वाचलेल्या जीवाला दात्याची ओळखही नसेल. तरीही तो आपल्या कळपात, आपल्या रानात निर्भय राहील. दानाचे याहून मोठे फळ कोणते?