मुलाचा आठवडा कागदावर हवा

नवराबायकोचे वेगळे व्हायचे ठरले की मुलाच्या बाबतीत आपल्याकडे एक सल्ला हमखास दिला जातो : वकील मध्ये घालू नका, चार वडीलधारी माणसे बसवा आणि तोंडी ठरवून टाका. हा सल्ला देणारी माणसे बहुधा चांगल्या मनाची असतात आणि त्यांचा अनुभवही खोटा नसतो. पोटगीची रक्कम वाढावी म्हणून मुलाची भेट अडवायला सांगणारे वकील आहेत, ताब्याच्या अर्जात समोरच्याच्या चारित्र्यावर वाटेल ते लिहिणारेही आहेत. तरीही हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याची झळ मुलालाच बसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सल्ला देणारे कायद्याचाच दाखला देतात. कुटुंब न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 प्रमाणे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. संसदेनेच वकिलाला दाराबाहेर ठेवले, मग तुम्ही त्याला आत का आणता, असे ते विचारतात. पण त्याच कलमाचा उत्तरार्धही वाचला पाहिजे. न्यायासाठी गरज वाटली तर न्यायालय कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकते. शिवाय न्यायालयाच्या परवानगीने वकील उभे राहतात, हे रोजचे चित्र आहे. आपले हक्क आधी समजून घेण्यावर किंवा तडजोडीचा मसुदा जाणकाराकडून तपासून घेण्यावर तर कसलीच बंदी नाही. आणि मुलाचे खरे नुकसान होते ते याच मसुद्यात.

परस्परसंमतीच्या घटस्फोटातील अटींचा कोणताही कागद काढून पाहा. दागिने कोणाचे, फ्लॅटचे कर्ज कोण फेडणार, पोटगी एकरकमी की दरमहा, याला प्रत्येकी स्वतंत्र कलम असते. मुलाच्या वाट्याला बहुधा एक ओळ येते : ताबा आईकडे राहील आणि वडिलांना परस्परांच्या सोयीनुसार भेटता येईल. सख्खे भाऊ शेताची वाटणी करतात तेव्हा चतुःसीमा लिहितात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वार लावून लिहितात. मुलाच्या बाबतीत मात्र वार लिहिणे आपल्याला कोतेपणाचे वाटते. सुरुवातीला सोय जुळतेही. मग परीक्षा येते, कोणाची बदली होते, कोणाचे दुसरे लग्न ठरते. भेटी थांबतात आणि बाप दरखास्त घेऊन कोर्टात जातो. तिथे पहिलाच प्रश्न येतो : अटीचा भंग नेमका कधी झाला? कागदावर वार नाही, वेळ नाही, जागा नाही. म्हणून नवा अर्ज, नवे म्हणणे, नव्या तारखा. तेवढ्यात पहिलीतले मूल तिसरीत जाते.

याला उत्तर आहे पालकत्वाचा लेखी आराखडा. विधी आयोगाने मे 2015 मधल्या आपल्या 257व्या अहवालात असा आराखडा असावा, असे सुचवले. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशनने मुलांच्या भेटी आणि ताब्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांतही त्याचा नमुना आहे. कोणत्या शनिवारी मूल कोणाकडे, आणायला-सोडायला कोण येणार, उशीर झाला तर कळवायचे कसे. आठवड्यात फोन किंवा व्हिडिओ कॉल किती वाजता. शाळेची फी कोण भरणार, पालकसभेला कोण जाणार, निकालपत्र दोघांनाही मिळणार की नाही. ऑपरेशनची वेळ आली तर संमती कोणाची. पासपोर्टच्या अर्जावर सह्या कोणाच्या. गाव बदलायचे असेल तर किती दिवस आधी सांगायचे. हे सगळे त्यात असते. मतभेद झालाच तर आधी समुपदेशकाकडे जायचे की मध्यस्थाकडे, हेही लिहिलेले असते.

हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या कुटुंबव्यवस्थेत ते बसत नाही, असा आक्षेप घेतला जातो. मला नेमके उलटे वाटते. आपल्या मुलाच्या आयुष्यात माणसे जास्त असतात आणि सणही जास्त असतात. गणपतीत बापाच्या गावी जायचे की नाही, भाऊबीज कोणत्या घरी, मे महिन्यात आजोळी किती दिवस, आजारी आजोबांना भेटायला नेणार कोण? यातल्या प्रत्येक प्रश्नावर आपल्याकडे घरे धुमसली आहेत. जिथे नाती इतकी दाट, तिथे लिहून ठेवण्याची गरजही अधिक.

तोंडी तडजोडीत आणखी एक मोठा धोका आहे. तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचा कायदा चालतो. ‘पाच वर्षांपर्यंत मूल आईचे, नंतर बापाचे’ हे वाक्य बैठकीत कोणीतरी ठामपणे बोलतो आणि सगळे माना डोलावतात. कायदा असे म्हणत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. पण मूल पाच वर्षांचे झाले म्हणून ताबा आपोआप बापाकडे जात नाही. कलम 13 प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वरचे. ‘बाप आधी, त्याच्यानंतर आई’ या नैसर्गिक पालकत्वाच्या क्रमाचा अर्थही सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात 1999 मध्ये बदलून टाकला : बाप हयात असतानाही परिस्थितीनुसार आई नैसर्गिक पालक ठरू शकते. 2015 मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात मूल पाच वर्षांच्या आतले होते. आई अयोग्य आहे हे दाखवण्याचा भार सर्वोच्च न्यायालयाने बापावर टाकला. हे ठाऊक नसलेली बाई ‘तुझा पगार किती? कोर्टात गेलीस तर मूल माझ्याकडेच येईल’ एवढ्या धमकीने सही करते. वकिलाने तिला अर्धा तास दिला असता तर ती सही झाली नसती. बापांचीही अशीच फसगत होते. ‘ताबा आईकडे गेला, आता तुझा संबंध संपला’ हे ऐकून कित्येक जण भेटीचा अर्जच करत नाहीत. मुलाचा दोन्ही पालकांच्या मायेवर हक्क आहे आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्यालाही मुलाशी संपर्क ठेवता आला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे, हे त्यांच्या कानावर गेलेलेच नसते.

पोटगी आणि भेट यांची सांगड घालण्याची सवयही अशीच रुजलेली. पैसे थांबले म्हणून भेट बंद, भेट बंद म्हणून पैसे बंद. दोन्ही हक्क मुलाचे आहेत. एक बुडाला म्हणून दुसरा बुडवण्याची मुभा कोणालाही नाही.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. घरात मारहाण झाली असेल तर दोघांनी बसून आराखडा करा, हा उपदेश क्रूर ठरतो. तिथे कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 चे कलम 21 लागते. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक वाटली तर ती नाकारतात. पण हे मागायचे कसे, हे कोण सांगणार? इथे तर वकील आणखीच गरजेचा.

लिहून ठेवले की मूल कायमचे बांधले जाते, ही भीतीही निराधार आहे. ताब्याचे हुकूम मुलाच्या वाढीबरोबर बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच म्हटले आहे. चांगला मसुदा करणारा वकील फेरविचाराचे वर्ष त्यातच घालून ठेवतो.

राहिला पैशाचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळते. पुरुषांनाही ते उत्पन्नमर्यादेत मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. ज्यांच्यापुढे आज असा कागद सहीसाठी आला आहे, त्यांना माझी विनंती आहे : भेटीच्या कलमात वार, वेळ आणि जागा लिहिली आहे का ते पाहा. नसेल तर सही करू नका, आधी वकिलाला दाखवा.