कॅमेरे वाढले, पण नोंदवही कुठं आहे? सीमाभागातल्या कॉलेज सुरक्षेचा ताळेबंद

बेळगाव / निपाणी : मध्यंतरी एका पालकाचा फोन आला. गाव महाराष्ट्रात, मुलगी बेळगावच्या एका कॉलेजात. रोजची एस.टी.ची ये-जा. एक मुलगा तिच्या मागं लागला होता. गावच्या स्टॉपपासून बसमध्ये आणि पुढं कॉलेजच्या गेटपर्यंत. बाप दोन ठाण्यांत जाऊन आला होता. "गावाकडं गेलो तर म्हणाले, प्रकार बेळगावात घडतोय, तिथं द्या. बेळगावात गेलो तर म्हणाले, पोरगा तुमच्या गावचा, तिकडंच मिटवा. आता तुम्हीच सांगा, द्यायची कुठं तक्रार?" आणि शेवटी, "नाव छापू नका हां."

नाव छापलं नाही, बातमीही झाली नाही. कॉलेजकडं नोंद नाही, पोलिसांकडं नोंद नाही, आमच्याकडंही नाही. मुलीनं महिनाभर कॉलेज बुडवलं. कागदावर बघायला गेलं तर काही घडलंच नाही.

सीमाभागातल्या कॉलेज आणि विद्यापीठांच्या सुरक्षेबद्दल बोलताना कॅमेरे, वॉचमन आणि कंपाउंड यांच्यावर भरपूर चर्चा होते. त्याआधीचा प्रश्न आहे तो नोंदीचा. आम्ही कॉमर्सवाले, त्यामुळं साधी गोष्ट डोक्यात बसलेली : रोजकीर्द लिहिली नाही तर खतावणी होत नाही आणि खतावणीशिवाय ताळेबंद लागत नाही. आपल्याकडं कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची रोजकीर्दच नाही. मग 'आमचा कॅम्पस सुरक्षित आहे' हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

हुबळीनं काय शिकवलं?

१८ एप्रिल २०२४. हुबळीच्या बी.व्ही.बी. कॉलेजच्या आवारात, दिवसाउजेडी, एम.सी.ए.च्या विद्यार्थिनीवर चाकूचे वार झाले. नगरसेवक निरंजन हिरेमठ यांची मुलगी नेहा. संशयित त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्ती तालुक्यातल्या मुनवळ्ळीचा. हल्ल्याचं सीसीटीव्ही फुटेज तासाभरात मोबाईलवर फिरू लागलं. म्हणजे कॅमेरा होता आणि चालूही होता. त्यानं आरोपी ओळखायला मदत केली, पण मुलगी वाचली नाही.

लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. बेळगाव, चिकोडी आणि धारवाडचं मतदान ७ मे रोजी. त्यामुळं पुढचे तीन आठवडे हा विषय सभांमध्ये गाजला. तपास सीआयडीकडं गेला, विशेष न्यायालयाची घोषणा झाली. धर्म, प्रेम, राजकारण, सगळ्यावर बोलून झालं. कॉलेजशी संबंध संपलेला माणूस हत्यार घेऊन आत कसा येतो, हा प्रश्न मात्र मागं पडला. 'त्रास होतोय' असं एखाद्या मुलीला सांगायचं असेल तर कॉलेजात कुठल्या टेबलाकडं जायचं, हेही कुणी विचारलं नाही. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. गेट आणि टेबल यांचा निकाल कुणीच देणार नाही, तो आपल्यालाच मागावा लागेल.

महिना उलटायच्या आत, १५ मे रोजी, हुबळीतच २० वर्षांच्या आणखी एका तरुणीचा तिच्या घरात घुसून खून झाला. ते कॅम्पसवरचं प्रकरण नव्हतं. पण धमकीबद्दल आधी पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही, असा घरच्यांचा आरोप होता आणि त्यानंतर ठाण्याच्या इन्स्पेक्टरसह पोलिसांचं निलंबन झालं. दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. पहिल्या घटनेत कॅमेरा होता, अडवणारं कुणी नव्हतं. दुसरीत, घरच्यांच्या म्हणण्यानुसार, सांगून झालं होतं, पण ते कागदावर आलं नव्हतं.

बदलापूर आणि कोलकाता

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली बदलापूरच्या शाळेतली घटना सगळ्यांना आठवत असेल. पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास ठाण्यात थांबावं लागलं. पुढं शाळेचं १५ दिवसांचं फुटेजच मिळत नसल्याचं त्या वेळच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. लोक रेल्वे रुळावर उतरले तेव्हा यंत्रणा हलली.

कोलकात्याच्या आर.जी. कर मेडिकल कॉलेजमध्ये ९ ऑगस्टला निवासी डॉक्टरचा बळी गेला. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा पहिल्या प्रश्नांपैकी एक होता : एफआयआर रात्री इतक्या उशिरा का? बेळगाव हे मेडिकल कॉलेजांचं गाव. १७ ऑगस्टच्या देशव्यापी बंदला इथल्या डॉक्टरांनीही सेवा बंद ठेवली. रात्रपाळीच्या मुलामुलींना आराम करायला कडी असलेली खोली आहे का, हा प्रश्न इथंही तेवढाच लागू आहे.

एक उदाहरण शेजारच्या गोव्याचं. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी २००९ मध्ये आल्या. समितीनं चौकशी केली, कारवाई झाली. पण चौकशी घाईघाईनं उरकल्याचा ठपका ठेवत १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडं पाठवलं. १४ वर्षांनी! तक्रारदार मुलींच्या बाजूनं विचार करा. एवढी वर्षं गेली आणि मूळ प्रश्नाचं उत्तर नाही. नोंद नुसती असून चालत नाही, ती पद्धतशीर लागते.

दोन राज्यं, दोन पोलीस, एक रस्ता

आता आपल्या भूगोलाकडं येऊ. निपाणीचं देवचंद कॉलेज आपण 'निपाणीचं' म्हणतो, पण ते आहे अर्जुननगरात, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. विद्यापीठ शिवाजी, पोलीस महाराष्ट्राचे, आणि पत्त्यावरचा पिन कोड निपाणीचा. रोज शेकडो मुलं कर्नाटकातून चालत किंवा गाडीवरून महाराष्ट्रात शिकायला जातात आणि दुपारी कर्नाटकात परत येतात. निपाणीतल्याच बागेवाडी कॉलेजची मुलं मात्र राणी चन्नम्मा विद्यापीठाची आणि कर्नाटक पोलिसांच्या हद्दीतली. शिनोळीकडून उलटा प्रवाह, चंदगड भागातली मुलं बेळगावात.

राज्यांची हद्द कमी होती म्हणून की काय, जिल्ह्यातही एक हद्द आहे. २०१४ पासून बेळगाव शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय, आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वर भाग जिल्हा पोलीस प्रमुखांकडं. संकेश्वरची मुलगी टिळकवाडीत पी.जी.मध्ये राहते, भुतरामहट्टीला विद्यापीठात शिकते आणि शनिवारी बसनं गावी जाते. तिच्या एका आठवड्यात किती ठाणी येतात मोजा. त्रास देणाऱ्याला हद्द नसते, तक्रारीला मात्र असते.

भुतरामहट्टीचा कॅम्पस शहराबाहेर महामार्गालगत, मच्छेचं व्हीटीयू खानापूर रस्त्यावर. अशा ठिकाणी धोका वर्गात कमी आणि गेट ते बसस्टॉप या पट्ट्यात जास्त. तो पट्टा कॉलेज आपला मानत नाही, पोलिसांची फेरी क्वचित. त्यात भाषेवरून वातावरण तापलं की बस थांबतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टर मारहाण प्रकरणानंतर दोन्ही राज्यांची बससेवा विस्कळीत झाली, तेव्हा सर्वात आधी अडकली ती रोज ये-जा करणारी मुलं. बस नसली की मुली वडाप धरतात, ओळखीच्या-अनोळखीच्या गाडीवर बसतात. ही सुद्धा सुरक्षेचीच गोष्ट आहे.

कायदा काय देतो?

त्या बापाच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्यानं नोंद घ्यायची आणि योग्य ठाण्याकडं पाठवायची. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत. ३ ते ७ वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते, पण 'आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही. ठाण्यानं नकार दिला तर पोलीस प्रमुखांना लेखी पाठवा, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी आहेत. महिलांवरच्या ठराविक गंभीर गुन्ह्यांची माहिती नोंदवली नाही तर अधिकाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद आहे, न्याय संहितेचं कलम १९९.

भाषेचंही तसंच. 'कन्नडमध्ये लिहून आणा' हे वाक्य सीमाभागात नवीन नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचं निवेदन त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. अर्ज मराठीत द्या, पोच घ्या. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जाईल, त्यावर भांडत बसू नका. पण तो वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे. अर्थ समजल्याशिवाय सही करू नका. हा भाषेच्या अभिमानाचा मुद्दा नाही, चुकीची तारीख किंवा चुकीचं ठिकाण पडलं तर पुढं केस पडते.

कॉलेजवरही जबाबदारी आहे. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी, विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी आणि किती तक्रारी आल्या-निकालात निघाल्या याचा वार्षिक अहवाल आयोगाला द्यायला हवा. रॅगिंगच्या २००९ च्या विनियमांत तर गुन्हा दिसत असेल तर २४ तासांत पोलिसांत फिर्याद द्यायला सांगितलंय. कर्नाटकात २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानं वर्दळीच्या आस्थापनांना कॅमेरे आणि ३० दिवसांचं फुटेज ठेवणं बंधनकारक केलंय.

कागद भरपूर आहेत. पण हे अहवाल वर जातात, खाली पालकांपर्यंत येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या जाड अहवालातही अमुक कॉलेजात काय घडलं हे मिळत नाही.

'बदनामी' नावाचा कुलूप

संस्था नोंद का ठेवत नाहीत? उत्तर सगळ्यांना माहीत आहे : बदनामी. प्रवेश कमी होतील, संस्थाचालक रागावतील, पेपरात येईल. पालकांनाही बदनामीची भीती, त्यांना मुलीच्या लग्नाची काळजी. दोघांचं दुखणं एकच, म्हणून मिटवामिटवी सोपी जाते. ज्याच्यावर मिटवलं तो पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीच्या मागं लागतो.

अमेरिकेत याच कुलपाला एका आईबापानं किल्ली लावली. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीचा खून झाला. इमारतीला आपोआप लागणारी कुलपं होती, पण मुलांनीच ये-जा सोपी व्हावी म्हणून दारांना अडणी लावून ती उघडी ठेवली होती. तिथून आत आलेला मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. आईवडिलांना नंतर कळलं की कॅम्पसवर आधीही गंभीर गुन्हे घडले होते, पालकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये कायदा झाला. तिथल्या सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात आणि ज्या कॉलेजचे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहेत त्यांना रोजची गुन्हे नोंदवही कुणालाही बघायला खुली ठेवावी लागते. म्हणून गुन्हे थांबले असं नाही. पण लपवणं महाग झालं. आकडा असलेलं कॉलेज बदनाम आणि कोरी वही असलेलं कॉलेज चांगलं, हा हिशेब तिथं उलटा झाला. ज्याची वही कोरी, त्याच्यावरच संशय.

प्रवेशाआधी विचारा

आपल्याकडं असा कायदा कधी येईल तो येवो. प्रवेश घेताना आपण फी, प्लेसमेंट, कॅन्टीन विचारतो. या पाच गोष्टीही विचारा :

१. तक्रार समितीत कोण आहेत, नावं आणि फोन नंबर कुठल्या बोर्डावर लावलेत?
२. मागच्या वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या? नावं नकोत, आकडा सांगा.
३. गेटवर बाहेरच्यांची नोंद होते का? माजी विद्यार्थ्यांचीही?
४. फुटेज किती दिवस राहतं आणि ते बघायला कुणाला सांगायचं?
५. हॉस्टेलचं मागचं दार, जिन्याची लाईट, गेट ते स्टॉप हा रस्ता, याची जबाबदारी कुणाची?

'शून्य तक्रारी' असं उत्तर आलं तर खूश होऊ नका. हजार-दोन हजार मुलांच्या कॉलेजात शून्य म्हणजे बहुतेक वेळा कुणी लिहून घेतलं नाही, एवढाच अर्थ.

पोलिसांकडून मागणी एकच. बेळगाव आयुक्तालय, बेळगाव जिल्हा आणि कोल्हापूर जिल्हा या तिन्ही पोलीस दलांनी कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात एकत्र बसावं, आणि सीमेवरच्या प्रत्येक कॉलेजच्या गेटवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत एक फलक लावावा : 'तक्रार कुठल्याही ठाण्यात द्या, हद्द आम्ही बघून घेऊ.' आणि मुलींसाठी एक व्यवहाराची गोष्ट : सीमेवर मोबाईल कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. ११२ लावलात तर पहिल्याच वाक्यात गाव, तालुका आणि राज्य सांगा.

त्या पालकाला मी झिरो एफआयआरबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं न्हाई बघा." मुलगी आता कॉलेजला जातेय, पण वडील स्वतः सोडायला येतात. रोजची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. न झालेल्या एका नोंदीची किंमत ते घर अजून भरतंय.